खांदे आखडलेत? रोज दहा मिनिटे द्या

वेणी घालताना, पोलके काढताना किंवा फळीवरचा डबा उतरवताना खांद्यात कळ येते, ही तक्रार घरोघरी आहे. धुणीभांडी, झाडलोट, शिलाई, रिक्षा अशी कामे वेगवेगळी असली तरी सगळ्यांत हात पुढे आणि पाठ वाकलेली असते. वर्षानुवर्षे असेच राबल्याने छातीचे स्नायू आखडतात आणि खांदे पुढे झुकतात. छाती नीट फुलत नाही, मग श्वासही उथळ होतो.

हात सरळ वर नेताना साधारण दोन वाटे हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि एक वाटा पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाची असते. म्हणून नुसता खांदा चोळून भागत नाही. छाती आणि पाठही मोकळी करावी लागते.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार पुण्यात दोरी, पट्टा, लोड आणि खुर्ची यांच्या आधाराने आसने शिकवत. आपल्या खोलीत भिंत, टॉवेल आणि गोधडी पुरेशी आहे.

१. भिंत : भिंतीकडे तोंड करून उभे राहा. बोटे चालवत हात जमेल तितका वर न्या, 5 श्वास थांबा, हळू खाली आणा. प्रत्येक हाताने 5 वेळा.

२. टॉवेल : उजव्या हाताने टॉवेल डोक्यामागून पाठीवर सोडा. डावा हात कमरेमागून नेऊन खालचे टोक धरा. वरच्या हाताने अलगद ओढा. मग हात बदला. हे गोमुखासनाचेच सोपे रूप आहे.

३. गोधडी : गोधडीची वळकटी फऱ्यांखाली आडवी येईल असे उताणे झोपा. डोक्याखाली उशी घ्या, गुडघे वाकवा, हात बाजूला पसरा. 2 मिनिटे सावकाश श्वास घ्या.

४. भुजंगासन : पालथे झोपा, तळवे छातीशेजारी टेका. श्वास घेत छाती उचला. बेंबी जमिनीलाच राहू द्या, खांदे कानांपासून दूर ठेवा. 3 श्वास थांबून खाली या. गरोदरपणात, हर्निया असल्यास किंवा पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले असल्यास हे आसन करू नका.

स्नायूंना ओढ बसली तर चालेल. टोचणारी कळ आली तर तिथेच थांबा.

दुखते म्हणून हात अजिबात न हलवणे ही मोठी चूक ठरते. त्याने खांदा आणखी जखडतो. ‘फ्रोझन शोल्डर’ हा आजार बहुधा 40 ते 60 वयात होतो. स्त्रियांना आणि मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो. तो बरा व्हायला वर्ष-दोन वर्षेही लागतात. म्हणून रात्री खांदा ठणकत असेल आणि हात दिवसेंदिवस कमी उचलत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि साखरही तपासून घ्या.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावी. छातीत दाब, घाम, धाप आणि हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर तो खांद्याचा आखडलेपणा समजू नका. चोळत बसू नका, व्यायामही करू नका. लगेच 108 ला फोन करा.

आपली रोजीरोटी या हातांवर चालते. कामावर निघण्याआधीची दहा मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवा.