अंकुराची वही आणि आगकाड्यांचा खेळ

(इयत्ता ४ थी)



या वेळच्या भित्तिपत्रकाचा विषय ‘खेळ आणि हस्तकला’ आहे. बाईंनी मला सांगितलं, तू मे महिन्यात मुंबईला गेली होतीस, तिथे काय पाहिलंस आणि इथे येऊन काय केलंस ते लिही. म्हणून मी हा पाठ लिहीत आहे.

लालबागच्या चाळीतले खेळ

माझे काका लालबागला चाळीत राहतात. आमचे आजोबा तिथल्याच गिरणीत कामाला होते. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर आजोबा गावी परत आले आणि शेती करू लागले. ते सांगतात की त्यांच्या लहानपणी संध्याकाळी भोंगा झाला की मुलं कबड्डीचा डाव थांबवायची, कारण वडील घरी यायची वेळ व्हायची. आता तिथे भोंगा होत नाही. पण मुलं अजून खेळतात.

चाळीत आपल्यासारखं अंगण नाही. लांब गॅलरी आहे आणि खाली थोडी मोकळी जागा. म्हणून तिथले नियम वेगळे. क्रिकेटमध्ये चेंडू कोणाच्या घरात गेला तर आऊट. जोरात मारला तरी आऊट. मला आधी हसू आलं. मग दादाने सांगितलं, “जागा असेल तसा नियम करावा लागतो. पण एकदा केला की सगळ्यांनी पाळायचा.” दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो सातवीत आहे. त्याला मोबाईलवरचे खेळही येतात. मी एक खेळून पाहिला. त्यात माणूस पळतो आणि उड्या मारतो. मी दादाला विचारलं, हे चित्र हलतं कसं? त्याला सांगता येईना. मग काका म्हणाले, “उद्या दादरला जाऊ, तिथे सांगतो.”

दादासाहेब फाळके यांची गोष्ट

दादर पूर्वेला एक रस्ता आहे. त्याचं नाव दादासाहेब फाळके रस्ता. काकांनी पाटी दाखवली आणि तिथेच उभं राहून गोष्ट सांगितली. नंतर बाईंनी वर्गात पुस्तकातून आणखी माहिती दिली. ती मी इथे लिहिते.

दादासाहेबांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांनी गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक सिनेमा पाहिला आणि त्यांना वाटलं, आपल्या देशातल्या गोष्टी अशा पडद्यावर का दिसू नयेत? १९१२ साली ते लंडनला गेले, काम शिकले आणि त्यांनी कॅमेरा विकत घेतला.

पण सिनेमा काढायला पैसे लागतात. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा ठेवला. दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण केलं. सगळं जोडून दाखवलं तर लोकांच्या डोळ्यांसमोर कोंब फुटून वेल वाढू लागला! या चित्रपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’. तो पाहून पैसे देणारे मिळाले. तरी पुरले नाहीत, म्हणून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या आणि चित्रणाच्या कामातही मदत करायच्या.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार झाला. तेव्हा बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. ते आधी हॉटेलात स्वयंपाकी होते. रोहिदास झाला दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थेटरात तो लोकांना दाखवला. पुढे १९१९ साली ‘कालिया मर्दन’ चित्रपटात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. म्हणजे मुलांनीही या कामात हात लावला होता. हे मला फार आवडलं.

दादासाहेबांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा चित्रपट केला. त्यात आगकाड्या आपोआप हलताना दिसतात.

चित्र हलतं कसं?

खरं म्हणजे चित्र हलतच नाही. एका चित्रात पाय खाली असतो. दुसऱ्यात थोडा वर. तिसऱ्यात आणखी वर. ही चित्रं भराभर दाखवली की आपले डोळे आणि मेंदू ती जोडतात आणि आपल्याला पाय हलल्यासारखा वाटतो. जुन्या मूकपटात एका सेकंदाला साधारण १६ चित्रं असत. आताच्या सिनेमात २४ असतात.

आम्ही पाच जणांनी शाळेत वापरलेल्या आगकाड्यांचा माणूस केला. एक काडी थोडी सरकवायची आणि बाईंनी मोबाईलवर फोटो काढायचा. असे ४८ फोटो काढले. एका सेकंदाला ८ फोटो दाखवले. ४८ भागिले ८ म्हणजे ६. सहा सेकंद आमचा माणूस लंगडी खेळला! तेवढ्यासाठी आम्हाला एक तास लागला. मध्येच एक जण शिंकला आणि सगळ्या काड्या उडाल्या. मग पुन्हा सुरुवात.

आमची अंकुराची वही, आणि माझी चूक

मला अंकुराची वाढ स्वतः करून बघायची होती. रोज मोबाईल कुठून आणणार? म्हणून बाई म्हणाल्या, चित्रांची वही करा. नारळाच्या करवंटीत माती घालून मी चवळी पेरली. करवंटी आमच्या पडवीत ठेवली. रोज मी पाहून चित्र काढायचं आणि माझ्या मैत्रिणीने ते कापून एकाच मापाने चिकटवायचं, तारीख घालायची, असं ठरलं.

चौथ्या दिवशी मातीतून वाकडा कोंब आला. पाचव्या दिवशी त्याने मान वर काढली, पण तो सरळ नव्हता. अंगणाच्या बाजूला झुकला होता, कारण उजेड तिकडून येतो.

सहाव्या दिवशी पावसाने उघडीप दिली. आम्ही लगोरी मांडली. खेळायच्या नादात अंधार पडला आणि मी चित्र काढायची विसरले. सातव्या दिवशी पण तसंच झालं. मग मी रात्री अंथरुणावर बसून दोन्ही चित्रं मनाने काढली. छान सरळ रोप काढलं, दोन पानं काढली. मैत्रिणीला काही बोलले नाही.

अठरा दिवस झाले. तिने वही शिवली आणि पानं भराभर सोडून पाहिली. पुन्हा पाहिली. मग म्हणाली, “अगं, हे रोप मान हलवतंय बघ.” खरंच! पाचव्या पानावर रोप झुकलेलं, सहाव्या-सातव्यावर एकदम सरळ, आठव्यावर परत झुकलेलं. रोपटं जणू “नाही, नाही” म्हणत होतं. मला रडू आलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “लगोरीत कोणी रडीचा डाव खेळलं तर तूच पहिली ओरडतेस. मी अठरा दिवस पावसातून तुझ्या घरी येत होते.” आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मला वाटलं ती दोन पानं फाडून टाकावीत. कोणाला कळणार? पण मग वहीत अठराऐवजी सोळाच दिवस झाले असते. ते पण खोटंच. मी बाईंना विचारलं. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “जे पाहिलं नाही, तिथे ‘पाहिले नाही’ असं लिहावं. अभ्यास करणारी मोठी माणसंही तसंच करतात.” मी ती दोन चित्रं काढून टाकली, तिथे कोरी पानं लावली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं : ‘पाहिले नाही. खेळायला गेले होते.’ मैत्रिणीने ते वाचलं आणि हसली. नंतर आम्ही दोघींनी मिळून पुन्हा वही शिवली.

आता वही सोडली की मध्ये रोप क्षणभर दिसेनासं होतं आणि परत येतं. अठरा दिवस सुमारे दोन सेकंदांत संपतात.

मला काय समजलं

१. खेळात नियम असतो तसा हस्तकलेतही असतो. आपणच केलेला नियम आपण पाळायचा.
२. खेळणं वाईट नाही. पण आधी चित्र काढायला पाचच मिनिटं लागली असती.
३. मोठं काम एकटं होत नाही. दादासाहेबांनाही घरच्यांनी मदत केली.

करून पहा

जुन्या वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर एक चेंडू काढा. प्रत्येक वेळी थोडा वर काढा. मग अंगठ्याने पानं भराभर सोडा.

आमची वही या कागदाखाली सुतळीला बांधली आहे. पालकांनी आणि पाहुण्यांनी जरूर पाहावी. हात कोरडे करून पानं सोडावीत, आणि कोरी पानं आली तर वही फाटली आहे असं समजू नये.