राजघराण्याचं काम आणि बाळाची पहिली पाच वर्षं



ब्रिटनच्या प्रिन्सेस ऑफ वेल्स केट यांच्या कपड्यालत्त्यांच्या बातम्या आपल्याकडेही भरपूर येतात. त्यांनी लहान मुलांसाठी केलेल्या कामाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ते काम आपल्या उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

जानेवारी 2020 मध्ये त्यांनी बालपणाविषयी देशभर पाच प्रश्न विचारले. पाच लाखांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. त्याच काळात इप्सॉस संस्थेने केलेल्या पाहणीत एक गंमत दिसली. मूल कसं वाढवलं यावर त्याचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं, हे जवळजवळ सगळ्यांना मान्य होतं. पण त्यात पहिली पाच वर्षं विशेष महत्त्वाची, हे चारांतल्या एकालाच माहीत होतं! आणि दहापैकी सात पालकांना वाटत होतं की लोक आपल्याला नावं ठेवतात. पालकसभेत गप्प बसणारी आई आठवली ना?

पुढे जून 2021 मध्ये रॉयल फाउंडेशनने बालविकासासाठी स्वतंत्र केंद्र काढलं आणि 2023 मध्ये 'शेपिंग अस' ही मोहीम सुरू केली. मोहिमा काय, होतच असतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच काम.

फेब्रुवारी 2022 मध्ये केट डेन्मार्कला गेल्या होत्या. तिथे घरोघरी जाणाऱ्या नर्स बाळाचं वजन-उंची तर बघतातच, शिवाय त्याचं वागणंही ठरावीक पद्धतीने न्याहाळतात. बाळ नजरेला नजर देतं का? चेहऱ्यावर भाव उमटतात का? आवाज काढतं का, हातपाय हलवतं का? बाळ सतत गप्प, अलिप्त राहत असेल तर त्याच्याकडे आणि त्याच्या आईकडेही वेळीच लक्ष देता येतं. 'शांत बाळ' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते कधीकधी मदत मागत असतं. हीच पद्धत इंग्लंडमधल्या नर्सना शिकवून बघण्याचा प्रयोग या केंद्राच्या पैशातून झाला.

आता दुसरी बाजूही बघू. ब्रिटन सरकारने 1990 च्या दशकाच्या शेवटी 'शुअर स्टार्ट' ही बालकेंद्रांची योजना आणली. 2010 नंतर तिच्या निधीला कात्री लागली आणि कितीतरी केंद्रं बंद पडली. राजघराण्याने राजकारणापासून लांब राहायचं असा तिथला दंडक असल्यामुळे, ती केंद्रं पुन्हा उघडा असं केट जाहीरपणे म्हणू शकत नाहीत. लोकांचं लक्ष वेधणं आणि एखादा प्रयोग करून दाखवणं एवढंच देणगीतून होतं. रोजचं काम सरकारी पगारावरची नर्सच करणार, जसं आपल्याकडे 1975 पासून अंगणवाडी सेविका करत आल्या आहेत.

तुमच्या शाळेला लागून अंगणवाडी असेल, तर तिथल्या ताईंना विचारून बघा: वजनाच्या नोंदीबरोबर बाळाच्या हसण्या-बोलण्याची नोंद ठेवायला त्यांना वेळ मिळतो का?