वनस्पती तेल, मेटाथेसिस आणि रसायनशास्त्रातले करिअर

अल्कीन मेटाथेसिस या अभिक्रियेत दोन रेणूंमधले कार्बन-कार्बन दुहेरी बंध तुटतात, तुकड्यांची अदलाबदल होते आणि नवे रेणू तयार होतात. रुथेनियम, मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन यांचे उत्प्रेरक हे काम घडवून आणतात. ही अदलाबदल कशी होते, याचा उलगडा फ्रान्सच्या इव्ह शोव्हँ यांनी १९७१ मध्ये केला. रिचर्ड श्रॉक आणि रॉबर्ट ग्रब्ज यांनी पुढे भरवशाचे उत्प्रेरक घडवले. तिघांना २००५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

वनस्पती तेलांना ही अभिक्रिया फार चपखल बसते. शेंगदाणा तेलात भरपूर असलेल्या ओलिइक आम्लाच्या साखळीत १८ कार्बन असतात आणि दुहेरी बंध बरोबर मध्यावर, नवव्या व दहाव्या कार्बनमध्ये असतो. या आम्लाच्या मिथिल एस्टरची इथिलीनशी अभिक्रिया केली की १-डिसीन आणि मिथिल ९-डिसीनोएट मिळतात. पहिल्यापासून कृत्रिम वंगणे बनतात, दुसऱ्यापासून पृष्ठसक्रियक (साबणासारखी द्रव्ये) आणि पॉलिमर. एरवी १-डिसीन मुख्यतः पेट्रोरसायनांपासून बनते. इंडोनेशियात ग्रेसिक येथे २०१३ मध्ये पाम तेलावर चालणारा असा कारखाना सुरू झाला. खाद्यतेल आयात करणाऱ्या भारतासाठी मात्र एरंडेल अधिक रास्त कच्चा माल आहे: ते अखाद्य आहे, आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे.

या क्षेत्रातल्या प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग तेल शुद्ध करण्यात जातो. खवट होऊ लागलेल्या तेलातली पेरॉक्साइडे महागडा रुथेनियम उत्प्रेरक निकामी करतात. म्हणून तेल आधी शोषक पदार्थांतून गाळले जाते, उत्प्रेरक मिलिग्रॅममध्ये तोलून निष्क्रिय वायूखाली वापरला जातो आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर उत्पादने तपासली जातात. चिकाटी आणि नीटनेटके हात हवेत. नुसत्या पाठांतरावर इथे भागत नाही.

या क्षेत्रात येण्यासाठी ‘मेटाथेसिस’ नावाची पदवी शोधत बसू नये. बारावीनंतर मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) किंवा नागपूरची एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) इथे रासायनिक अभियांत्रिकी अथवा तेल तंत्रज्ञान घेता येते. त्यासाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी लागते. मूलभूत विज्ञानाची ओढ असलेल्यांना पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था आहे. गावाजवळच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात बीएस्सी करणेही कमीपणाचे नाही. त्यानंतर ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी आणि ‘नेट’ परीक्षेतून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत पीएचडी करता येते.

पालकांची धास्ती नोकरीची असते, आणि ती रास्त आहे. मेटाथेसिसवर थेट काम करणाऱ्या जागा थोड्या आहेत, आणि उत्प्रेरकांच्या संशोधनासाठी बहुतेकदा पीएचडी लागते, म्हणजे कमाई उशिरा सुरू होते. परंतु हेच कौशल्य औषधे, सुगंधी द्रव्ये, रंग, साबण आणि वंगण उद्योगांत चालते. तारापूर, पाताळगंगा, लोटे परशुराम, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत अभियंत्यांना उत्पादन आणि प्रक्रिया विकासात, तर बीएस्सी-एमएस्सी झालेल्यांना गुणवत्ता तपासणीत काम मिळू शकते. बीएस्सीनंतर काही वर्षे नोकरी करून पुढे शिकण्याचा पर्यायही घरच्या परिस्थितीनुसार खुला राहतो.