दिवाळीच्या तोंडावर घर विकायला काढावं का?

चि. सोनू यास,


कोथरूडचा फ्लॅट आत्ताच विक्रीला काढावा की दिवाळी होऊन जाऊ द्यावी, असं तू विचारलंस. तुझ्या आईच्या राहत्या घराचा प्रश्न आहे, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितो.

पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही, हे एजंटाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्या पंधरवड्यात टोकन कोणी देत नाही, पण घरं बघणं थांबत नाही. दसऱ्याला व्यवहार ठरवायचा असतो तो माणूस आधीच चार जागा पाहून ठेवतो. दसरा आणि पाडवा दोन्ही साडेतीन मुहूर्तांतले, त्याचा फायदा तुला मिळायला हवा. तेव्हा फार तर घटस्थापनेपर्यंत जाहिरात दे. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत मात्र घर दाखवणं बंद ठेव. आई चकल्या तळत असताना अनोळखी चौघांनी स्वयंपाकघरात शिरून ओटा मोजावा, हे मला पटत नाही. ज्याला घर मनापासून आवडलंय, तो आठवडाभर थांबतो.

पावसाळ्यात मागच्या बेडरूमच्या छताला ओल आली होती, ती दिवाळीच्या रंगाखाली झाकू नकोस. जाणता माणूस त्या कोपऱ्यात तळहात टेकवून बघतो आणि ताज्या रंगाच्या वासानेच सावध होतो. गच्ची सोसायटीची आहे, तेव्हा दुरुस्तीसाठी कमिटीला आजच लेखी अर्ज दे. रंग त्यानंतर.

आता मुख्य मुद्दा. फ्लॅट एकट्या तुझ्या बाबांच्या नावावर होता आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. सोसायटीत आईचं नाव नॉमिनी म्हणून आहे, एवढ्यावर तू निश्चिंत आहेस. पण नॉमिनी झाल्याने मालकी येत नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुझा, आईचा आणि टोरांटोच्या ताईचा प्रत्येकी एक-तृतीयांश हिस्सा आहे. बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी केली, तेव्हा ठरलेले कितीतरी व्यवहार याच ठिकाणी अडकलेले पाहिले. खरेदीदार कर्ज काढतो, बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो आणि विचारतो, मुलीची सही कुठे आहे? मग धावपळ सुरू होते. परदेशातून कुलमुखत्यारपत्र करायचं म्हणजे तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन, मग कागद इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या घराचं टोकन देऊन मोकळं होतं.

ताई यंदा दिवाळीला येते आहे. घर या दिवसांत काढावं असं मी म्हणतो ते त्यासाठी. तुम्ही तिघं एका छताखाली असाल आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिला स्वतः हजर राहता येईल. ही कार्यालयं सणाच्या सुट्ट्यांत बंद असतात, म्हणून तिचं परतीचं तिकीट भाऊबिजेनंतर निदान आठवडाभराचं असू दे.

तिने काय करायचं, हे तिला ठरवू दे. आईच्या नावे हक्कसोडपत्र केलं तर व्यवहार सोपा होतो, यात शंका नाही. हिस्सा ठेवून ती विक्रेती म्हणून राहिली, तर ती परदेशी राहत असल्याने खरेदीदाराला तिच्या रकमेतून नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा बराच जास्त कर कापावा लागतो. काही खरेदीदार तेवढ्यावरून बिचकतात. तरीही आपल्या सोयीसाठी तिच्यावर भार टाकू नकोस. ओवाळून झाल्यावर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवणारे भाऊ मी पाहिले आहेत. सही मिळते, पण पुढच्या वर्षी ती बहीण माहेरी येत नाही.

किमतीचं थोडक्यात सांगतो. पुण्यात खरेदीदाराला सध्या सात टक्के मुद्रांक शुल्क पडतं. ऐंशी लाखांच्या घरावर ते 5 लाख 60 हजार होतं, शिवाय नोंदणीचे 30 हजार. खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का सवलत मिळते, म्हणजे 80 हजार वाचतात. भाव पाडून मागणाऱ्याला आधी हे सांग. आणि डिसेंबरच्या आत विकलंच पाहिजे, असं कोणासमोर बोलू नकोस. डिसेंबरात परदेशातली मंडळी सुट्टीवर येतात आणि तेही घरं बघतात.

बँकेकडून मूळ कागद परत आले का, तेही तपास. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 सालचा आदेश आहे. शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टू एका फायलीत लाव.

पण या सगळ्याआधी आज रात्री ताईला फोन कर. आई शेजारी असू दे. तिघांचं एकमत झाल्याशिवाय एजंटाला घराची किल्ली देऊ नकोस.

तुझा,
मामा