दुसऱ्या हप्त्याची गोष्ट

आमच्या मासिकाच्या कचेरीत एक रबरी शिक्का अजून आहे. लाल शाईत उमटणारा : ‘या अंकासोबत आपली वर्गणी संपत आहे.’ तो रॅपरवर दिसला की वर्गणीदार मनीऑर्डर करायचा, नाहीतर गप्प बसायचा. गप्प बसला की दोन अंक वाट बघून आम्ही त्याचं नाव वहीतून काढायचो. २०२१ मध्ये वेब आवृत्ती सुरू करताना मी तो शिक्का खणात ढकलला. आता पैसे आपोआप येणार होते.

वेबसाइट वर्डप्रेसवर होतीच. सदस्यत्वाचं एक प्लगिन विकत घेतलं, पेमेंट गेटवेकडून मिळालेल्या दोन लांबलचक ‘की’ त्यात चिकटवल्या, दरमहा ६० रुपयांची योजना आखली आणि स्वतःच्याच कार्डावरून पैसे भरून पाहिले. पैसे जमा, पावती हजर, अंक उघडा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दारं उघडली आणि महिनाभरात दीडशेच्या आसपास वाचक आत आले. संपादकांनी पेढे मागवले.

मी तपासला होता तो पहिला हप्ता. पहिला हप्ता ही साधी खरेदी असते. वाचक समोर असतो, ओटीपी टाकतो, अडलं तर पुन्हा खटपट करतो. वर्गणी खरी सुरू होते दुसऱ्या हप्त्याला, आणि तेव्हा वाचकही जागेवर नसतो आणि आपणही. तो हप्ता मी कधी पाहिलाच नव्हता.

ऑक्टोबर उजाडला आणि हप्ते एकामागून एक परत यायला लागले. त्याचं कारण माझ्याच इनबॉक्समध्ये न उघडता पडलेलं होतं. रिझर्व्ह बँकेचा ई-मॅन्डेटचा नियम मुळात २०१९ च्या परिपत्रकातला. त्याची शेवटची मुदत संपून १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कडक झाला. कार्डावरून वारंवार पैसे घ्यायचे तर आधी ओटीपीसह मॅन्डेट, म्हणजे हप्ते कापायला ग्राहकाची परवानगी, नोंदवायचं आणि प्रत्येक हप्त्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला पूर्वसूचना गेली पाहिजे. ठरावीक रकमेच्या वर दरवेळी नव्याने ओटीपी. ती मर्यादा तेव्हा ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. आमचे ६० रुपये मर्यादेच्या कितीतरी आत होते. पण मॅन्डेटच नोंदवलेलं नव्हतं, तर मर्यादेचं काय घेऊन बसलात!

प्लगिन परदेशात घडलेलं. हप्ता फसला म्हणजे ग्राहकाच्या खात्यात खडखडाट, एवढंच त्याला ठाऊक. त्याने तीनदा प्रयत्न केला, मग सदस्यत्वं गोठवली आणि प्रत्येकाला इंग्रजीत कळवलं की तुमचं पेमेंट नाकारलं गेलं आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचा फोन आला. निवृत्त शिक्षक. “ताई, माझ्या खात्यात पेन्शन जमा आहे. इतक्या वर्षांत तुमचा एक पैसा मी थकवला नाही. मग मला दाराबाहेर का उभं केलंत?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते परिपत्रकाच्या भाषेतलं होतं. गुरुजींना ते काय सांगणार?

सगळ्यांना पत्रं लिहून मॅन्डेट नव्याने नोंदवायला लावलं. जुलै २०२० पासून यूपीआय ऑटोपेची सोय होतीच, तीही जोडली. बरेच जण परतले. मग नवंच कोडं सुरू झालं : पूर्वसूचना गेली की काही वाचक मॅन्डेट रद्द करायचे. कुणीही तक्रार करत नव्हतं. शेवटी एका वाचक भगिनीने बँकेच्या संदेशाचा फोटो पाठवला. पैसे मागणारा म्हणून त्यात आमच्या मुद्रणालयाचं नाव होतं, कारण गेटवेकडे नोंदणी त्या नावाने झालेली. मासिकाचं नाव कुठेच नाही. अनोळखी मुद्रणालय आपल्या खात्यातून पैसे काढतंय म्हटल्यावर शहाणा माणूस दुसरं काय करील?

पुढच्या वर्षी आणखी एक धडा. काही हप्ते दोन-दोन दिवस उशिरा जायचे. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नाही. वेळच्या वेळी कामं उरकण्यासाठी त्यात ‘क्रॉन’ नावाची सोय आहे, पण कुणी पान उघडलं तरच ती जागी होते. त्यात साइट भराभर उघडावी म्हणून आम्ही कॅशिंग लावलेलं. साठवलेलं पान परस्पर दिलं जायचं आणि कुणी येऊन गेल्याचा वर्डप्रेसला पत्ताही लागायचा नाही. दुसरीकडे, हप्ता जमा झाला की गेटवे आपल्या साइटला वेबहुक पाठवतं, म्हणजे निरोप. आमच्या सुरक्षा प्लगिनने त्या निरोप्याला चोर समजून दारातच अडवलं. वाचकाचे पैसे गेले, गेटवेकडे नोंद झाली, आणि अंकावर मात्र कुलूप.

आणि सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग. नवी मांडणी करून बघायला आमच्या डेव्हलपरने साइटची हुबेहूब नक्कल दुसऱ्या पत्त्यावर उभी केली. नक्कल करताना गेटवेच्या खऱ्या ‘की’सुद्धा तशाच गेल्या. पत्ता बदलला की वसुली आपणहून थांबवणारी प्लगिन्स असतात. आमचं तसं नव्हतं. ठरल्या तारखेला दोन्ही साइट जाग्या झाल्या आणि परदेशी कार्डं असलेल्या काही वाचकांचे पैसे दोनदा कापले गेले. न्यू जर्सीच्या एका वाचकाने एवढंच लिहिलं : “या महिन्यात दोन अंक आहेत का?” पैसे त्याच दिवशी परत केले. आपण काय करून बसलो ते सगळ्यांना खुलासेवार लिहिलंही. ते पत्र लिहायला अख्खी दुपार लागली.

आता कुणी शाळा, वाचनालय, योगवर्ग किंवा नियतकालिकाच्या साइटवर वर्गणी लावायची म्हणून सल्ला विचारला की मी पुढच्या गोष्टी सांगते.

१. आधी दुसरा हप्ता तपासा. दर आठवड्याला एक रुपया कापणारी, इतरांना न दिसणारी योजना करा. घरातल्या तीन-चार जणांच्या वेगवेगळ्या बँकांची कार्डं आणि यूपीआय त्यात नोंदवा आणि महिनाभर नुसतं बघा. एकाचं खातं मुद्दाम रिकामं ठेवा. एकाला यूपीआय ॲपमधून मॅन्डेट रद्द करायला सांगा आणि साइटला ते कळतं का पाहा.

२. प्लगिन घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : भारतीय कार्डांचं ई-मॅन्डेट आणि यूपीआय ऑटोपे या दोन्हींवर ते तुमच्या गेटवेसोबत चालतं का? उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका.

३. बँकेच्या संदेशात कुठलं नाव जाणार, हे पहिल्या दिवशीच पाहून घ्या. ते बदलता येत नसेल तर पैसे भरण्याच्या पानावर ठळक मराठीत लिहा की संदेश अमुक नावाने येईल. मॅन्डेटची कमाल रक्कम वर्गणीपेक्षा जास्त ठेवणार असाल, तर ती का जास्त आहे हेही तिथेच सांगा. आकडा बघून माणूस दचकतो.

४. वर्डप्रेसच्या क्रॉनवर विसंबू नका. होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचा खरा क्रॉन दर पाच मिनिटांनी लावून घ्या. वेबहुकचा पत्ता सुरक्षा प्लगिनमधून वगळा, पण निरोपाची सही तपासल्याशिवाय तो खरा मानू नका. एकच निरोप दोनदा येऊ शकतो. तेव्हा व्यवहार क्रमांक पाहून दुसरा सोडून द्या. सदस्यांच्या पानांना कॅशिंग लावू नका, नाहीतर एकाचं खातं दुसऱ्याला दिसेल.

५. साइटची नक्कल करायची तर सर्वांत आधी त्यातल्या खऱ्या ‘की’ काढून चाचणीच्या घाला आणि ईमेल बंद करा. आमच्याकडे हे आता भिंतीवर लिहिलेलं आहे.

६. हप्ता फसला म्हणून लगेच कुलूप लावू नका. आठवडाभराची सवलत द्या आणि पत्र मराठीत, माणसाच्या नावाने पाठवा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी गेटवेची यादी आणि साइटची यादी समोरासमोर ठेवून ताळा करा. आमच्याकडे ते काम अजूनही जमाखर्चाची वही सांभाळणारे काकाच करतात, आणि चुका त्यांनाच सापडतात.

रद्द करण्याचं बटण ही सातवी गोष्ट, आणि त्यात मी स्वतः दोषी आहे. वाचक गळतील या भीतीने मी ते चार पानं आत दडवलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकारचे ‘डार्क पॅटर्न’ निषिद्ध ठरवले. सदस्यत्व रद्द करणं अवघड करून ठेवायचं, हा त्यांतला एक. ती यादी वाचताना मला खणातला शिक्का आठवला. तो शिक्का दर वर्षी वाचकाला विचारत होता आणि नाही म्हणायला त्याला काहीच करावं लागत नव्हतं. मी नेमकं तेच काढून टाकलं होतं. आता बटण पहिल्याच पानावर आहे, आणि हप्त्याच्या सात दिवस आधी आमचं स्वतःचं पत्र जातं. त्याच्या माथ्यावर त्या लाल शिक्क्याचं चित्र आहे. शब्द तेवढे बदलले आहेत : ‘आपली वर्गणी पुढे चालू ठेवत आहोत. नको असल्यास इथे कळवावे.’

गुरुजींनी मात्र मॅन्डेट पुन्हा नोंदवलंच नाही. त्यांच्यासाठी, आणि निघालं तेव्हा त्यांच्यासारख्या पुष्कळांसाठी, एकरकमी वार्षिक वर्गणीचा पर्याय ठेवला. दर जानेवारीत ते यूपीआयने पैसे पाठवतात, व्हॉट्सॲपवर त्याचा स्क्रीनशॉट टाकतात आणि खाली लिहितात : ‘पोहोच द्यावी.’ साइटची पावती त्यांना केव्हाच गेलेली असते. तरी मी पोहोच लिहिते.