नाट्यशिक्षणाचे पहिले वर्ष

नाट्यशास्त्र हा विषय घेऊन महाविद्यालयात येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात भूमिकेची ओढ असते. शालेय स्नेहसंमेलनात मिळालेल्या टाळ्या किंवा पाहिलेली एखादी एकांकिका स्पर्धा, एवढीच त्यांची शिदोरी असते. प्रारंभीच्या अभ्यासक्रमात मात्र कित्येक आठवडे त्यांच्या हाती संहिताच पडत नाही. चालणे, उभे राहणे, श्वास घेणे, दुसऱ्याचे बोलणे ऐकणे यांतच तासामागून तास जातात आणि ‘नाटक केव्हा?’ हा प्रश्न वर्गात हमखास उठतो. प्रश्न अस्थानी नाही. त्याचे उत्तर शिक्षकाला कामातून द्यावे लागते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतर दीर्घकाळ मराठी नट घडला तो नाटक मंडळीच्या बिऱ्हाडी. कोवळ्या वयाचा मुलगा कंपनीत दाखल होई, तालीममास्तरांपुढे नक्कल पाठ करी आणि विंगेत उभा राहून थोरांची कामे पाही. या पद्धतीने मोठे नट दिले, हे निर्विवाद. परंतु ‘हे असेच का?’ असे विचारण्यास तीत फारसा वाव नव्हता. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. महाराष्ट्रात औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७) आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी (२००३) यांनी विद्यापीठीय नाट्यशिक्षणाचा पाया घातला. ‘का?’ हा प्रश्न या शिक्षणाच्या केंद्रस्थानी आहे.

जागेचा विचार

रंगमंचाची ओळख हा पहिला प्रत्यक्ष पाठ. उजवी-डावी बाजू येथे नटाची मानतात, प्रेक्षकांची नव्हे; नवख्याचा गोंधळ याच ठिकाणी होतो. मंचाचे नऊ भाग कल्पून एकच वाक्य प्रत्येक भागातून म्हणावयास लावले, म्हणजे प्रेक्षकांच्या निकट उच्चारलेला शब्द आणि पाठीमागच्या कोपऱ्यातून आलेला शब्द यांतील अंतर विद्यार्थ्याला आपोआप उमगते.

भरतमुनींचे नाट्यशास्त्र याच टप्प्यावर उघडावे. अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक हे चार प्रकार परीक्षेपुरते सर्वच पाठ करतात. त्याहून उद्बोधक आहे तो नाट्यगृहाच्या मापांचा भाग. आयताकृती मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद असावे, असे तेथे सांगितले आहे. हात सुमारे दीड फुटाचा धरला तर हे माप ९६ फूट गुणिले ४८ फूट होते. याहून मोठ्या गृहात शब्द अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, हे कारणही ग्रंथकार देतो. ध्वनिक्षेपकावर विसंबणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने हे कारण आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसून पडताळून पाहावे.

सभागृहच नसलेली महाविद्यालये ग्रामीण भागात पुष्कळ आहेत. त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. १९७० च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या दालनात मराठी प्रायोगिक रंगभूमीचे एक पर्व घडले. तमाशाचा वग दर्शनी पडद्यावाचून रंगतो. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकात माणसांची रांगच पडद्याचे काम करते.

वाणी आणि बोली

वाचिक अभिनयाचा आरंभ श्वासापासून होतो. छातीच्या वरच्या भागात घेतलेला श्वास लांब वाक्य पेलत नाही. त्यानंतर आघाताचा सराव. ‘तू काल घरी आला होतास’ हे वाक्य ‘तू’वर जोर देऊन म्हटले तर एक अर्थ, ‘काल’वर दिला तर दुसरा, ‘घरी’वर दिला तर तिसराच. पाच शब्दांच्या या वाक्यावर एक संपूर्ण तास सहज खर्च व्हावा.

येथे एक नाजूक बाब उद्भवते. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलत वाढलेला विद्यार्थी ‘शुद्ध’ बोलण्याच्या धास्तीने वर्गात मूक होतो. उच्चारशुद्धीच्या नावाखाली त्याची बोली पुसून टाकणे हा नाट्यशिक्षणातील मोठा अपव्यय होय. उच्चार स्पष्ट हवेत, यात शंका नाही. परंतु स्पष्टता प्रत्येक बोलीत असते. ‘वस्त्रहरण’ने मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून दिले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्याची बोली बोलणाऱ्या पात्रांसह बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करणारे लक्ष्मण देशपांडे हे औरंगाबादच्या नाट्यशास्त्र विभागातीलच प्राध्यापक होते. विद्यार्थ्याने पहिले स्वगत आपल्या घरच्या बोलीत सादर करावे, हा नियम म्हणूनच उपयुक्त ठरतो. प्रमाण भाषेतील भूमिका त्यानंतरही करता येते.

संहितेचे वाचन

संहिता हाती आल्यावर पाठांतराची घाई होते. तिला आवर घालावा लागतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक या कामी उत्तम. एका गावातील दालनात हौशी मंडळी जमतात, वेळ घालवण्यासाठी खोटा खटला मांडतात आणि तो खेळ लीला बेणारे या शिक्षिकेच्या जिवावर उठतो. प्रारंभीच दाराच्या कडीविषयी थोडे बोलणे होते. वरवर वाचणारा ते गाळून पुढे जातो. पुढे बेणारे बाहेर पडू पाहते तेव्हा तेच दार बाहेरून बंद झालेले असते. म्हणजे दिग्दर्शकाला ते दार कोठे असावे हे ठरवावे लागते, नेपथ्यकाराला ते खरोखर अडेल असे करावे लागते आणि नटीला त्या कडीकडे आरंभी कसे पाहावयाचे ते माहीत असावे लागते. एका कडीपाशी तीन विद्यार्थ्यांचा अभ्यास एकत्र येतो. प्रत्येक पात्राला या क्षणी काय हवे आहे, हा प्रश्न वाक्यागणिक विचारला तर पाठांतर पुष्कळसे आपोआप होते.

पडद्यामागील कामे आळीपाळीने सर्वांकडे जावीत. आज नायक असलेल्याने उद्या वस्तूंची यादी सांभाळावी, परवा प्रकाशयोजनेच्या पेट्या उचलाव्यात. दिवे तापतात, वायरी नीट न बांधल्यास अपघात होतो. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही. गुणांचे वाटप हा मात्र अवघड प्रश्न आहे. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी १९६३ पासून महाविद्यालयीन रंगभूमीला मोठे बळ दिले असले, तरी स्पर्धेचे निकष वर्गात जसेच्या तसे आणणे योग्य नव्हे. तीन महिन्यांपूर्वी वर्गासमोर तोंड न उघडणाऱ्या मुलीने आज पाच मिनिटे निर्भयपणे संवाद केला, तर तिची प्रगती करंडकाच्या मापाने मोजता येत नाही. यासाठी प्रत्येकाने तालीमवही ठेवावी: कोणता प्रयत्न फसला, का फसला आणि दुसऱ्या दिवशी काय बदलले, याच्या नोंदींना प्रयोगाइतकेच गुण असावेत.

वर्षाअखेर वीस मिनिटांचा प्रयोग पुरे. तो जाहीर करावयाचा असल्यास लेखकाची लेखी परवानगी घ्यावी आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवावी. ही धावपळ विद्यार्थ्यांकडेच सोपवावी. रंगीत तालमीच्या आधी निदान आठवडाभर ती पूर्ण झाली, म्हणजे अखेरचे दिवस नाटकासाठी मोकळे राहतात.