कॅन्सरनंतर अंगावर नवी गाठ: तपासणीला किती खर्च येतो?

स्तन, फुफ्फुस, पोट किंवा अंडाशयाचा कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या छातीवर, डोक्यावर किंवा बेंबीत टणक, बहुधा न दुखणारी गाठ आली, तर मलम लावून वाट पाहू नका. आतला कॅन्सर कातडीवर उतरलेला असू शकतो. कधी तो नागिणीसारखा लालसर पुरळ होऊनही दिसतो. गाठ लेझरने जाळून घेणे तर सर्वांत महागात पडते. पैसे जातात आणि तपासायला काही उरत नाही.

खासगीतले अंदाजे दर

- सुईची तपासणी (एफएनएसी): ५०० ते १,५०० रुपये.
- तुकडा तपासणी (बायोप्सी): जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो. लॅबचे ८०० ते २,५०० रुपये. डॉक्टरांची फी वेगळी.
- आयएचसी (बायोप्सीच्या तुकड्यावरची पुढची तपासणी): पेशी मूळ कोणत्या अवयवाच्या, हे यातून कळायला मदत होते. एका मार्करला १,००० ते २,५०० रुपये. मार्कर किती लागतील, ते आधीच विचारा.
- पेट-सीटी: १०,००० ते २५,००० रुपये. ती बायोप्सीच्या रिपोर्टनंतर, डॉक्टरांनी सांगितली तरच.

पैसे कुठे वाचतात

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. म्हणून नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात असाल, तर आधी तिथल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. लोणीचे प्रवरा रुग्णालय आणि विळद घाटातले विखे पाटील रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयांची आहेत. तिथे त्वचारोग आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात मिळतात.

कॅन्सर ठरला, की महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन ॲडव्हान्स भरण्याआधीच रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. उपचारासाठी रेल्वेने जाताना रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत आहे; त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

ब्लॉक मागून घ्या

तुकडा लॅबमध्ये मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपतात. तो ब्लॉक, काचेच्या स्लाइड आणि जुन्या ऑपरेशनचा रिपोर्ट ताब्यात घ्या. पुण्याला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाताना हे सोबत असले, तर बहुतेक वेळा दुसरी बायोप्सी टळते. रुग्णाचा त्रासही वाचतो आणि उपचाराचे दिवसही.